जंगलाच्या मुळाशी : कवक, कर्ब, नत्र आणि एका जुन्या धड्याची दुरुस्ती

स्मरणिकेसाठी लेख द्यावा असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा आम्ही नेहमीप्रमाणे इतिहासाचाच एखादा विषय घेऊ, अशी सर्वांची अपेक्षा असणार. या वेळी मात्र आम्ही वनस्पतिशास्त्राच्या दारात उभे आहोत आणि त्याला कारणही तसेच आहे. माजी विद्यार्थ्यांचे आम्ही एक देणे लागतो; ते या निमित्ताने फेडावयाचे आहे.

वसतिगृहात सायंकाळची वंदना आटोपल्यावर, अभ्यासाला बसण्यापूर्वी, दहा-पंधरा मिनिटे काही बोधपर सांगण्याचा आपला प्रघात सर्वांच्या स्मरणात असेल. त्या वेळी आम्ही जंगलाची एक हकिगत अनेक वर्षे सांगत आलो. जमिनीखाली बुरशीच्या धाग्यांचे जाळे असते; त्या जाळ्यातून मोठी झाडे लहान रोपांना अन्न पाठवितात; आजारी झाडाची काळजी शेजारची झाडे घेतात; म्हणून जंगल हा एक संघच होय, आणि करुणा हा केवळ माणसाचा नव्हे तर निसर्गाचाही धर्म होय, असा त्या हकिगतीचा मथितार्थ असे. मुलांना ती आवडे. पुढे आई-वडील झालेले काही विद्यार्थी भेटतात तेव्हा, आपण हीच हकिगत आपल्या मुलांना सांगतो, असे आवर्जून सांगतात.

काही वर्षांपूर्वी नववीतील एका विद्यार्थिनीने हकिगत संपल्यावर विचारले, “सर, आमचे आजोबा म्हणतात, पूर्वी गावातही सगळे एकमेकांवर अवलंबून होते. मग ते गाव चांगले होते का?” त्या दिवशी आम्हांला नीट उत्तर देता आले नाही. वसतिगृहातील दिवे मालवल्यावरही तो प्रश्न आमच्याजवळच राहिला. त्यानंतर आम्ही जंगलातील मुळे आणि कवक यांविषयी जे मिळेल ते, विज्ञानाच्या सहकारी शिक्षकांची मदत घेऊन, क्रमाने वाचले. वाचून झाल्यावर दोन गोष्टी ध्यानात आल्या. एक, जमिनीखालचे खरे वास्तव आमच्या हकिगतीहून कितीतरी अद्‍भुत आहे. दुसरी, आमच्या हकिगतीतील काही भाग पुराव्याच्या पलीकडे गेलेला होता. या दोन्ही गोष्टी येथे मांडत आहोत.

झाडाच्या दोन गरजा

प्रथम पाया पक्का करू. झाडाच्या वाळलेल्या लाकडाचे वजन निम्म्याच्या आसपास कर्बाचे, म्हणजे कार्बनचे असते, आणि तो कर्ब मातीतून नव्हे तर हवेतून येतो. पाने सूर्यप्रकाशाच्या बळावर हवेतील कार्बन डायऑक्साइड व मुळांनी आणलेले पाणी यांपासून साखर तयार करतात. त्या साखरेतूनच पुढे लाकूड, साल, फळ, बी असे सर्व काही घडते.

दुसरी गरज नत्राची. प्रथिने नत्रावाचून बनत नाहीत आणि प्रथिनांवाचून हरितद्रव्याचे कामही चालत नाही. हवेत नत्र सुमारे ७८ टक्के आहे; परंतु तो अशा घट्ट जोडीने बांधलेला असतो की झाडाला त्याचा उपयोग करता येत नाही. समुद्रात राहून तहानेने व्याकूळ व्हावे, तशी झाडाची अवस्था. तूर, हरभरा, भुईमूग यांच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू हवेतील नत्र पकडून देतात, हे शेतकरी पालकांना ठाऊक आहे. येथे एक घोटाळा टाळला पाहिजे. ते काम जिवाणूंचे आहे, कवकांचे नाही. कवक हवेतील नत्र पकडू शकत नाहीत. मातीत, पालापाचोळ्यात, मेलेल्या जीवांच्या अवशेषांत जो नत्र अडकून पडलेला असतो, तो शोधून आणणे एवढेच त्यांना साधते.

थंड प्रदेशातील जंगलात ही अडचण फार तीव्र होते. स्वीडन, फिनलंड, रशिया, कॅनडा येथील पाइन-स्प्रूसच्या जंगलांत वर्षाचा मोठा काळ माती गारठलेली असते. पाने कुजण्याची क्रिया मंद चालते. नत्र पाचोळ्यात असतो, पण तो प्रथिनांच्या आणि काळसर ह्युमसच्या गुंत्यात कोंडलेला. तो सोडवून आणणारा कोणी तरी हवा. तेथे कवकांचे महत्त्व सुरू होते.

एका शोधाचा इतिहास

१८८० च्या दशकात प्रशियाच्या सरकारने आल्बर्ट बर्नहार्ड फ्रँक या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे एक काम सोपविले. ट्रफल ही जमिनीखाली वाढणारी, श्रीमंतांच्या ताटातील अत्यंत महागडी अळंबी. तिची लागवड करता येईल काय, हे त्यांनी पाहावयाचे होते. ट्रफलची शेती त्यांना साधली नाही; परंतु झाडांची मुळे तपासताना वेगळेच काही हाती लागले. पाइन, ओक, बीच अशा झाडांच्या कोवळ्या मुळांच्या टोकांवर कवकाचे आवरण चढलेले होते, आणि ती झाडे रोगट नव्हती. उलट निरोगी होती. १८८५ मध्ये फ्रँक यांनी या जोडरचनेला ग्रीक भाषेतील ‘कवक’ आणि ‘मूळ’ या अर्थांचे दोन शब्द जोडून ‘मायकोरायझा’ असे नाव दिले. मराठीत आपण तिला ‘कवकमूल’ म्हणू.

फ्रँक यांचे म्हणणे असे की, हे कवक झाडाचे शोषण करीत नाही. ते दाईसारखे झाडाला पाणी आणि अन्नद्रव्ये पाजते. त्या काळी कवक म्हणजे रोग, हे समीकरण शास्त्रज्ञांच्या मनात घट्ट बसले होते, त्यामुळे या मताला कडाडून विरोध झाला. फ्रँक यांनी वादाला प्रयोगाने उत्तर दिले. पाइनची काही रोपे त्यांनी जंगलातील जशीच्या तशी मातीत वाढविली, तर काही निर्जंतुक केलेल्या मातीत. जिवंत मातीतील रोपे अधिक जोमाने वाढली. कवके ह्युमसमधील नत्र थेट सोडवून झाडाला देतात, असेही फ्रँक यांनी सुचविले होते. ती सूचना पुढे जवळजवळ शतकभर बाजूला पडली. १९८० च्या दशकात इंग्लंडमधील शेफील्ड येथे डेव्हिड रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, काही कवकमुले प्रथिनांतील नत्र सोडवून झाडाला देऊ शकतात, हे प्रयोगाने दाखविले, तेव्हा फ्रँक यांचे म्हणणे पुन्हा विचारात आले.

इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी येथे क्षणभर थांबावे. बहुसंख्य विद्वान विरोधात होते, म्हणून फ्रँक चुकीचे ठरले नाहीत. पण केवळ एकटे उभे राहिले म्हणूनही ते बरोबर ठरले नाहीत. निकाल दिला तो रोपांनी.

दोन प्रकारची कवकमुले

कवकमुलांचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात कवकाचे तंतू मुळाच्या पेशींच्या आत शिरून तेथे झाडासारख्या बारीक फांद्या करतात; यास आंतर कवकमूल म्हणू. ही मैत्री अतिप्राचीन आहे. स्कॉटलंडमधील रायनी येथील सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत सापडलेल्या वनस्पतींच्या जीवाश्मांतही तिच्या खुणा आहेत. ज्वारी, कापूस, तूर, आंबा, साग, बांबू ही आपल्या रोजच्या ओळखीची मंडळी याच प्रकारातील. हे कवक मुख्यत्वे स्फुरद आणून देते.

दुसऱ्या प्रकारात कवक मुळाच्या टोकाला बाहेरून टोपडे घालते आणि पेशींच्या आत न शिरता त्यांच्या मधल्या फटींत जाळे विणते. हे बाह्य कवकमूल. पाइन, स्प्रूस, ओक, बर्च यांची कवकमुले अशी असतात. जगातील वनस्पतींच्या जातींपैकी जेमतेम २ टक्के जातींत हा प्रकार आढळतो. परंतु पृथ्वीवरील झाडांची खोडे मोजली तर सुमारे ६० टक्के खोडे याच प्रकारातील झाडांची भरतात, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासात आढळले. थंड जंगलांचा विस्तार पाहता यात नवल नाही.

आपणा बौद्धांना एक योगायोग सांगण्यासारखा आहे. ज्याच्या छायेत सिद्धार्थ गौतमांना संबोधी प्राप्त झाली, तो पिंपळ आंतर कवकमुलाचा. लुंबिनीत जन्माच्या वेळी महामायेने ज्याची फांदी धरली असे परंपरा सांगते, आणि कुशीनगरात ज्या जोडवृक्षांच्या मध्ये महापरिनिर्वाण झाले, तो सालवृक्ष बाह्य कवकमुलाचा. पावसाळ्याच्या आरंभी सालवनाच्या मातीतून बस्तरमधील आदिवासी ‘बोडा’ आणि झारखंडमधील आदिवासी ‘रुगडा’ नावाची गोल अळंबी वेचतात, ती या सालाच्या मुळांशी जोडलेल्या कवकाचेच फळ होय.

कर्ब जमिनीखाली कसा जातो

आता मुख्य विषयाकडे वळू. झाड कवकाला साखर देते, हे अनुमान जुने होते. १९५७ मध्ये स्वीडनमधील एलियास मेलिन आणि त्यांचे सहकारी निल्सन यांनी किरणोत्सारी कर्बाची खूण वापरून, पाइनच्या पानांत तयार झालेली साखर खरोखरच मुळांवरील कवकापर्यंत पोहोचते, हे दाखविले. परंतु प्रयोगशाळेतील रोपात घडते ते संपूर्ण जंगलात किती प्रमाणावर घडते, हा प्रश्न राहिला.

त्याचे उत्तर देणारा प्रयोग पेटर ह्योगबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर स्वीडनमधील पाइनच्या जंगलात केला आणि तो २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रयोगाची युक्ती साधी होती. झाडात पाणी लाकडातून वर चढते आणि साखर सालीच्या आतल्या थरातून खाली उतरते. खोडाभोवती सालीचे एक कडे काढून टाकले, तर पाणी वर जात राहते, पाने हिरवी राहतात. पण साखरेची खाली जाणारी वाट बंद होते. ह्योगबर्ग यांनी मोठमोठ्या तुकड्यांतील सर्व झाडांची साल अशी काढली आणि जमिनीतून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड मोजला. जमीनही श्वास टाकते. मुळे, कवके, जिवाणू या सर्वांचा तो एकत्रित उच्छ्वास. पाच दिवसांच्या आत त्यात ३७ टक्क्यांपर्यंत घट झाली आणि एक-दोन महिन्यांत तो सुमारे ५४ टक्क्यांनी कमी झाला.

याचा अर्थ असा की, जमिनीच्या श्वासाचा निम्म्याहून अधिक भाग जुन्या पाचोळ्याच्या कुजण्यातून नव्हे, तर पानांनी नुकत्याच तयार केलेल्या साखरेवर चालतो. जमिनीखालचे जग आणि वरची पाने यांचा संबंध वर्षांचा नव्हे, दिवसांचा आहे.

२०२३ मध्ये काही संशोधकांनी उपलब्ध अभ्यासांची बेरीज करून असा अंदाज मांडला की, जगभरातील वनस्पती दरवर्षी सुमारे १३ अब्ज टन कार्बन डायऑक्साइडइतका कर्ब कवकमुलांच्या तंतुजालाला देतात. कोळसा, तेल यांसारख्या खनिज इंधनांतून वर्षाला होणाऱ्या उत्सर्जनाच्या एक तृतीयांशाहून अधिक असा हा आकडा आहे. अर्थात हा सर्व कर्ब जमिनीत कायम राहत नाही. त्यातला बराच श्वासावाटे परत हवेत जातो. ‘कवक इतके प्रदूषण गिळून टाकते’ अशी वाक्ये आता भाषणांत ऐकू येऊ लागली आहेत. ती बरोबर नाहीत. देणे वेगळे, साठणे वेगळे.

मग साठते किती? स्वीडनमधील एका सरोवर-प्रदेशातील बेटांनी याचे उत्तर दिले. मोठ्या बेटावर वीज पडून वणवा लागण्याची शक्यता अधिक. लहान बेटे शतकानुशतके, काही तर हजारो वर्षे वणव्यावाचून राहिलेली. त्यामुळे लहान बेटांवर न जळलेल्या सेंद्रिय थराची जाडी पुष्कळ. कारिना क्लेमेन्सेन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखविले की, या बेटांवरील मातीत साठलेल्या कर्बापैकी ५० ते ७० टक्के कर्ब वरून पडलेल्या पानांतून नव्हे, तर मुळे आणि मुळांशी निगडित जीव, म्हणजे प्रामुख्याने कवके, यांच्यातून आलेला आहे. माती वरून भरते ही आमची शालेय कल्पना होती. त्या जंगलांत ती मोठ्या प्रमाणात खालून भरते.

गाडगीळ परिणाम

या विषयात मराठी कानाला ओळखीचे वाटेल असे एक आडनाव भेटते. न्यूझीलंडमध्ये काम करणाऱ्या रूथ गाडगीळ आणि पी. डी. गाडगीळ यांनी १९७१ मध्ये पाइनच्या लागवडीतील एक प्रयोग प्रसिद्ध केला. जेथे झाडांची जिवंत मुळे व त्यांची कवके यांना मज्जाव केला होता, तेथे पाचोळा अधिक वेगाने कुजला. जेथे ती होती, तेथे सावकाश. एरवी वाटावे की, अधिक जीव म्हणजे अधिक कुजणे. घडले उलट. त्यांनी दिलेले स्पष्टीकरण असे : झाडाकडून साखर मिळणारे कवक पाचोळ्यातील नत्र उचलून नेते, आणि पाचोळा कुजविणाऱ्या इतर जीवांची नत्रावाचून उपासमार होते. त्यांचे काम मंदावते आणि कर्ब मातीत पडून राहतो. यालाच आज ‘गाडगीळ परिणाम’ म्हणतात.

२०१४ मध्ये जगभरच्या मातीचे आकडे एकत्र करून केलेल्या अभ्यासात, बाह्य कवकमुलांच्या झाडांखालील मातीत नत्राच्या दर मापामागे सुमारे ७० टक्के अधिक कर्ब आढळला. हे गाडगीळांच्या विचाराशी जुळते. पण सर्वच कवके एकसारखी वागत नाहीत. स्वीडनच्या जंगलांविषयी २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, बाह्य कवकमुलांपैकीच एका विशिष्ट गटाचे कवक जेथे होते, तेथे मातीच्या वरच्या सेंद्रिय थरातील कर्ब ३३ टक्क्यांनी कमी होता. हे कवक कोंडलेला नत्र मिळविण्यासाठी ह्युमसच फोडते. एक कवक कर्बाचा रक्षक, तर त्याचेच भावंड कर्बाची कोठी फोडणारे. दोघांनाही हवा असतो नत्र. कर्बाचे जे काही होते ते त्या शोधाच्या ओघात होते.

नत्राचा हिशेब

येथवर आमच्या जुन्या हकिगतीला फारसा धक्का बसत नाही. झाड साखर देते, कवक नत्र देते. देवाणघेवाण सरळ आहे, असेच वाटते. पुढचा प्रयोग मात्र आम्हांला विचार करावयास लावून गेला.

टोर्ग्नी नेशोल्म, ह्योगबर्ग आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या कामात, उत्तरेकडील पाइनच्या जंगलात झाडांना खूण केलेला कर्ब दिला आणि मातीच्या कवकबहुल थरात खूण केलेला नत्र टोचला. दोन्ही खुणांचा माग काढला. साखर खाली उतरली. परंतु नत्र वर फारसा गेलाच नाही. तो मुख्यतः मातीतील सूक्ष्मजीवांत आणि मुळांच्या कवकवेष्टित टोकांतच अडकून राहिला. पानांपर्यंत थोडाच पोहोचला. उन्हाळ्याच्या अखेरीस, झाडे सर्वाधिक साखर खाली पाठवीत होती, तेव्हा तर हे विशेषच दिसले. मातीत आधी खत घालून नत्र मुबलक केला, तेव्हा मात्र तो पानांकडे जाऊ लागला.

संशोधकांचा निष्कर्ष थोडक्यात असा : टंचाई असते तेव्हा कवक मिळालेल्या नत्राचा लहानसा वाटा झाडाला देते आणि बाकी स्वतःच्या वाढीसाठी ठेवते. झाड नत्रासाठी अधिक साखर पाठविते. त्या साखरेवर कवक अधिक वाढते. वाढलेले कवक अधिक नत्र अडवून धरते. आणि जंगल नत्राच्या अधिकच दारिद्र्यात जाते. तरीही झाड हा व्यवहार सोडू शकत नाही. साखर देणे थांबविले, तर शेजारचे झाड जे थोडे मिळते तेही घेऊन जाईल.

म्हणजे सहजीवन खरे. पण ते टंचाई दूर करतेच असे नव्हे. काही परिस्थितीत सहजीवनच टंचाई टिकवून धरते.

झाडे एकमेकांना पोसतात काय?

आमच्या हकिगतीचा गाभा होता तो मोठ्या झाडांनी लहान रोपांना अन्न पाठविण्याचा. याचा उगम १९९७ मध्ये सुझान सिमार्ड आणि सहकाऱ्यांनी कॅनडातील ब्रिटिश कोलंबियात केलेल्या प्रयोगात आहे. बर्च आणि डग्लस फर या दोन भिन्न जातींच्या रोपांमध्ये कर्बाची देवाणघेवाण होते आणि सावलीतील फरला निव्वळ लाभ होतो, असे त्यात आढळले. प्रयोग महत्त्वाचा होता. परंतु हा कर्ब खरोखर कवकाच्या सलग धाग्यातून गेला की मातीतून फिरून गेला, आणि त्यामुळे रोपाच्या जगण्या-मरण्यात काही फरक पडतो काय, हे प्रश्न शिल्लक होते. तेवढ्यात वृत्तपत्रे, चित्रफिती आणि लोकप्रिय पुस्तके यांनी ती गोष्ट पुढे नेली. आम्हीही त्यांतलेच.

२०२३ मध्ये जस्टिन कार्स्ट, मेलानी जोन्स आणि जेसन होक्सेमा यांनी या विषयावरील क्षेत्रीय अभ्यास तपासून पाहिले. जंगलात झाडांना जोडणारी कवकजाले सर्वत्र असतात, आणि त्यांच्यामुळे रोपांची वाढ सुधारते, या दोन विधानांना पुरेसा पुरावा नाही; आणि मोठी झाडे आपल्याच वंशातील रोपांना निवडून अन्न वा इशारे पाठवितात, या विधानाला तर प्रत्यक्ष जंगलातील तपासलेल्या प्रयोगाचा आधारच नाही, असे त्यांनी मांडले. शास्त्रज्ञही एकमेकांचे लेख उद्धृत करताना अनुकूल बाजूच अधिक सांगत गेले, हेही त्यांनी दाखविले. यांपैकी मेलानी जोन्स या १९९७ च्या मूळ प्रयोगातील सहलेखिका आहेत. स्वतः भाग घेतलेल्या संशोधनाभोवती वाढलेल्या समजुतीचीच त्यांनी तपासणी केली. कालामांना तथागतांनी जो उपदेश केला, त्याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस अलीकडे आढळले नाही.

यावरून झाडे एकमेकांना काहीच देत नाहीत, असेही सिद्ध होत नाही. पुरावा अपुरा आहे, एवढेच सिद्ध होते. परंतु जे अपुरे आहे ते आम्ही मुलांना पूर्ण सत्य म्हणून सांगितले. ही आमची चूक.

त्या प्रश्नाचे उत्तर

आता त्या विद्यार्थिनीकडे वळू. गावात सारे एकमेकांवर अवलंबून होते, हे तिच्या आजोबांचे म्हणणे खोटे नव्हते. बलुतेदार कुणब्यावाचून जगत नव्हता आणि कुणबी बलुतेदारावाचून शेती करू शकत नव्हता. महार वतनदाराला वतनाची जमीन होती, बलुते होते. त्याबदल्यात त्याने आणि त्याच्या घरच्यांनी सरकारची आणि गावाची, वेळेचे बंधन नसलेली, पडेल ती कामे करावयाची होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वंशपरंपरागत वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले, ते या अवलंबनाच्या विरोधात. जमिनीचा तो तुकडाच माणसाला बांधून ठेवतो, हे त्यांनी ओळखले होते. पुढे ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना, स्वयंपूर्ण खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना त्यांनी स्पष्ट नकार दिला आणि राज्यघटनेचा घटक खेडे नसून व्यक्ती आहे, याचे स्वागत केले.

नेशोल्म यांचा निष्कर्ष वाचताना, जितके द्यावे तितके दारिद्र्य वाढविणारा तो व्यवहार पाहून, आम्हांला क्षणभर वतनच आठवले. परंतु तेथेही थांबले पाहिजे. पूर्वी आम्ही जंगलात करुणा पाहिली; आता त्याच जंगलात शोषण पाहू लागलो, तर चूक तीच राहील, केवळ रंग बदलेल. कवकाला ना करुणा आहे ना लोभ. झाडाला आपल्या स्थितीविषयी प्रश्न विचारता येत नाही, मुळे उपटून दुसरीकडे जाता येत नाही. माणसाला येते. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जे चालत गेले, त्यांनी निसर्गाकडून परवानगी मागितली नव्हती आणि निसर्गाचा दाखलाही दिला नव्हता. चातुर्वर्ण्य निसर्गसिद्ध आहे, असे सांगणाऱ्यांनीही निसर्गाचाच आधार घेतला होता, हे आपण विसरू नये. समतेसाठी आपण जंगलाचा दाखला देऊ लागलो, तर विषमतेसाठी दिलेला दाखला कोणत्या तोंडाने नाकारणार?

प्रतीत्यसमुत्पादाचा अर्थही आम्हांला यातून अधिक स्पष्ट झाला. प्रत्येक गोष्ट कारणांवर अवलंबून उत्पन्न होते, असे तथागत सांगतात. अवलंबून असणे चांगले, असे ते सांगत नाहीत. त्या साखळीतूनच दुःख उत्पन्न होते आणि कारण ओळखून ती साखळी तोडली असता दुःख थांबते. परस्परावलंबन ही वस्तुस्थिती आहे. ते न्याय्य आहे की नाही, हे पाहणे माणसाचे काम आहे.

तेव्हा त्या विद्यार्थिनीला उशिरा दिलेले उत्तर असे : गाव एकमेकांवर अवलंबून होते म्हणून चांगले ठरत नाही. कोणाला सोडून जाण्याची मुभा होती आणि कोणाला नव्हती, हे आधी विचार.

आपल्या अंगणातील माती

मग हा अभ्यास आपल्या कोणत्या उपयोगाचा? पहिला उपयोग वृक्षारोपणाचा. १४ एप्रिलला वा वर्षावासात आपण रोपे लावतो, छायाचित्रे काढतो. रोप म्हणजे केवळ खोड आणि पाने नव्हेत, त्याच्या मुळांशी जिवंत माती लागते. पश्चिम ऑस्ट्रेलियात आणि प्युएर्तो रिकोत परदेशी पाइनची लागवड प्रथम फसली. जुन्या पाइनखालची कवकयुक्त माती आणून घातल्यावर ती रुजली, हा विसाव्या शतकातील अनुभव आहे. दुसरे असे की, नत्र खतांचा भडिमार झाला की झाड कवकाला साखर देणे कमी करते. युरोपातील जंगलांत हवेतून पडणाऱ्या नत्राच्या प्रदूषणाने कवकमुलांच्या अनेक जाती रोडावल्या आहेत. तिसरे म्हणजे, जुने जंगल तोडून त्या बदल्यात तेवढीच रोपे लावली की हिशेब पूर्ण झाला, हे खरे नव्हे. जमिनीखाली शतकानुशतके साठलेला कर्ब त्या हिशेबात धरलेला नसतो.

आपल्या शाळेच्या मागील मुरमाड जागेवर लावलेली रोपे पहिली दोन वर्षे उन्हाळ्यात जळून गेली, हे त्या काळच्या विद्यार्थ्यांना आठवत असेल. तिसऱ्या वर्षी मुलांनी जुन्या पिंपळाखालची, पाचोळा मुरलेली माती घमेल्यांनी वाहून प्रत्येक खड्ड्यात घातली. त्यांपैकी बरीच रोपे आज झाडे झाली आहेत. हे कवकाचेच श्रेय, असे पूर्वी आम्ही बेधडक म्हटले असते. परंतु त्याच वर्षी मुलांनी पाळी लावून रोज पाणीही घातले होते. दोन्ही गोष्टी एकदम केल्यावर कोणत्या एकीमुळे रोपे जगली, हे सांगता येत नाही. यंदा विज्ञान मंडळाच्या मुलांनी निम्म्या खड्ड्यांत पिंपळाखालची माती आणि निम्म्यांत साधी माती घालून, पाणी मात्र सर्वांना सारखे देण्याचे ठरविले आहे. जगलेल्या रोपांची नोंद वहीत ठेवली जाईल. माजी विद्यार्थी आणि पालक यांनी शाळेत येतील तेव्हा ती वही अवश्य पाहावी.

ज्यांनी आमच्याकडून ती जुनी हकिगत ऐकली आणि पुढे सांगितली, त्यांना आमची नम्र विनंती आहे. ती टाकून देऊ नका. तिच्या जागी ही सांगा, आणि आम्ही चुकलो होतो, हेही सांगा. शिक्षक चुकू शकतो आणि पुरावा मिळाल्यावर बदलू शकतो, एवढे जरी मुलांच्या मनावर ठसले, तरी तो धडा अगदीच वाया गेला नाही, असे आम्ही समजू.

जय भीम! नमो बुद्धाय!